धडधड थांबल्यानंतरचे दिवस

आई,

आज मंगळवार. सकाळी बेलापूरच्या ऑफिसात गेले, दुपारी अर्धी रजा टाकून हृदयाच्या डॉक्टरांकडे, आणि तिथून सीवूड्सला घरी. दूध तापवलं, कपड्यांच्या घड्या केल्या. धडधड आली नाही. आठवडाभर आलेली नाही.

माझं हृदय मधूनच ताल सोडतं. टोपलीत जिवंत मासळी तडफडावी तसं छातीत होतं, श्वास पुरत नाही, हात गार पडतात. तासा-दोन तासांनी ते आपोआप थांबतं, आणि ईसीजी काढेपर्यंत कागदावर सगळं ठीक दिसतं. शेवटी दिवसभर छातीला यंत्र लावून ठेवलं तेव्हा सापडलं. पण त्रास होत असतो तेव्हापेक्षा नसतो तेव्हाच मी जास्त अडकलेली असते. बाथरूमची कडी लावत नाही. लेकीकडे नागपूरला जायचं तिकीट दोनदा रद्द केलं. तुझे जावई थोड्या थोड्या वेळाने दारातून विचारतात, "ठीक ना?" मी "हो" म्हणते, आणि मग मलाच शंका येते.

डॉक्टरांनी आज समजावून सांगितलं. एक तर गोळ्यांनी ताल सांभाळत राहायचं. त्या गोळ्यांनी दमायला होतं, आणि पुढेमागे त्या पुरेनाशा होतील. नाहीतर मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत तार घालून चुकीचे ठोके निघतात ती जागा निकामी करायची. पुन्हा होणारच नाही अशी हमी नाही, पण करायचं तर लवकर केलेलं बरं. रक्त पातळ करायची गोळी मात्र दोन्हीकडे घ्यायचीच, कारण माझं बीपी आणि साखर. तालाबाहेर चाललेल्या हृदयात गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. मग त्यांनी विचारलं, "आईला कधी असं व्हायचं?"

करावे गावातलं आपलं स्वयंपाकघर समोर आलं. तू पाट्यावर वाटण वाटता वाटता थांबतेस, छातीवर हात ठेवतेस. काकू लगेच मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन येते. "बस आशी सरळ. कुनाची तरी नजर लागली हाय तुला." तू धापा टाकत हसतेस. "मना कोन बघतंय? बाजारान समदी माजे टोपलीतले मासलीकडं, निवट्यांकडं बघतान." काकू ओवाळून मिरच्या चुलीत टाकते. "बघ, ठसका पन नाय! केवढी नजर होती!" थोड्या वेळाने तुझी धडधड थांबते. दर वेळी थांबायची. तिचा उतारा कधी फुकट गेला नाही, म्हणून तुला कधी दवाखान्यात न्यावं लागलं नाही. आणि मग त्या सकाळी तुझं तोंड वाकडं झालं, हातातला तांब्या खाली पडला, तेव्हाही काकू आधी मीठ-मिरच्याच घेऊन धावली. हे सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हेच असू शकेल. आता खात्रीने सांगता येणार नाही."

चहा पिताना यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आठवडाभर काही झालं नाही ना? मग कशाला हृदयात तार घालून घ्यायची? उगाच टेन्शन. परत आलं की बघू." वाईट हेतूने म्हणाले नाहीत. घाबरले आहेत. काकूही घाबरायचीच.

मी तरी काय वेगळं केलं? या शांत आठवड्यात रक्त पातळ करायची गोळी मी घेतलेली नाही. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून, असं मनाशी म्हणत होते. खरं म्हणजे छाती गप्प असताना गोळी घेतली की आपण आजारी आहोत हे रोज मान्य करावं लागतं. डॉक्टरांनी आज विचारलं, "गोळी चुकत नाही ना?" मी "नाही" म्हणाले. तार घालून घ्यायची तारीख घ्यायची तर आधी हे डॉक्टरांना सांगावं लागेल. उद्या फोन करेन. तू आता नाहीस, तुला हे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिता तरी आलं.

हे सोसायटीच्या मीटिंगला गेले आहेत. गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची असते. भात झाला आहे. माझ्यापुरतं ताट वाढून घेते.