चूलबंद आवतनाच्या महोत्सवास तातडीने मनाई मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
लोणावळा.

अर्जदार: सीताराम रखमाजी ओव्हाळ, सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, सचिव, तळेकाठ कला मंडळ, रा. तुंगार्ली, लोणावळा.

दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, दुपार.

विषय: आमच्याच मोफत कला-संगीत महोत्सवाची परवानगी रद्द करून आज सायंकाळी पाचच्या आत मनाई हुकूम मिळणेबाबत.

संदर्भ: त्याच महोत्सवास परवानगी मिळावी म्हणून मीच केलेला अर्ज व त्यावरील आपली मंजुरी.

साहेब, सविनय जय भीम आणि नमस्कार.

उपरोक्त विषयान्वये कळवितो की, आमच्या मंडळाचा महोत्सव आज तळ्याकाठच्या मैदानावर होत आहे. भारूड, भीमगीते, गिटार, लेझीम, चित्रांचे प्रदर्शन आणि शेवटी लहान मुलांचे समूहगान, असा कार्यक्रम असून प्रवेश सर्वांस खुला आहे. परवानगीच्या अर्जात मी 'परिसरातील रसिक' असे लिहिले होते. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली, शेजारचे बंगलेवाले आणि फार तर मुलांचे आईवडील होते. मैदान तेवढ्यांनाच पुरते.

मंडळाच्या अध्यक्षा मानसीताई या बंगल्यात राहणाऱ्या, शहरात वाढलेल्या, मनाने सरळ. आजूबाजूच्या गावांनाही हा महोत्सव आपला वाटावा, असे त्यांनी बैठकीत सुचविले आणि निरोपाचे काम मंडळातल्या येसूबाईंवर सोपविले. येसूबाई मूळच्या वडिवळ्याच्या. त्यांनी विचारले, घरटी एक सांगू की चूलबंद? ताईंना शब्द कळला नाही, म्हणून त्यांनी अर्थ विचारला. चूलबंद म्हणजे घरातले सगळे, आलेल्या पाहुण्यांसकट, असे येसूबाईंनी सांगितले. ताई खूश झाल्या. म्हणाल्या, हेच तर हवे. मी त्या वेळी बाहेर मांडववाल्याशी फोनवर भांडत होतो.

आपण बदलीवर आलेले आहात, म्हणून खुलासा करतो. चूलबंद आवतन मिळालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. सगळे घर यजमानाकडे जेवते. आमच्याकडे चहा आणि बिस्किटे आहेत.

काल येसूबाईंनी मला हे सांगितले तेव्हा त्यांना अभिमान वाटत होता. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो: "कुणाचा रुसवा नगं म्हनून समद्यांना चूलबंदच सांगितलं. तुमच्या नावानं सांगितलं, भाऊ. एकानंबी न्हाई म्हनलं न्हाई." वडिवळे, मळवली आणि मधल्या वाड्यावस्त्या त्या पायी आणि टमटमने फिरल्या होत्या. मी त्यांना रागावलो नाही. तडक मैदानाची वाट पाहून आलो.

साहेब, मैदानाला वाट एकच आहे. दोन बंगल्यांच्या कंपाऊंड भिंतींमधला बोळ. त्यातून दोन माणसे शेजारून चालली तर खांदे घासतात. मंचाची पाठ तळ्याकडे आहे आणि मुले मंचावर असणार. मी नोकरीभर स्थानकावर गर्दी पाहिली आहे. गर्दी वाईट नसते, पण मागच्याला पुढचे दिसत नसते. मागचा जेवणासाठी पुढे सरकतो आणि पुढच्याच्या पायाखाली काय आले हे त्याला कळतही नाही. रसिक असता तर कार्यक्रम कंटाळवाणा झाल्यावर उठून गेला असता. चूल बंद ठेवून आलेला माणूस उठणार नाही, कारण घरी भाकरी नाही. तो एकाच दिशेने येणार आणि त्या दिशेला मुले आहेत, त्यांच्यामागे पाणी आहे.

हे थांबविण्याचे मी माझ्या परीने प्रयत्न केले. तळ्यावर बिबट्या दिसल्याचे मी स्वतः पसरविले. त्यावर मळवलीहून दोन घरांनी फोन करून बिबट्या नेमका किती वाजता येतो, अशी विचारणा केली. वीज तोडावी म्हणून वायरमनला भेटलो, पण अंधारात काय होईल हे मनात आल्यावर त्याच्या दारातून परत आलो. कार्यक्रम अत्यंत सुमार आहे, असेही सांगून पाहिले. लोक म्हणाले, असू द्या, आम्ही तुमच्यासाठी येतोय.

मग मी स्वतःच नाही का म्हणत नाही, असे आपण विचाराल. आपल्या ठाण्याचे हवालदार कैलासराव यांनीही तेच विचारले. खरे सांगतो. माझे वडील गावच्या जेवणावळीला वेगळे, कडेला बसत. आज त्यांच्या मुलाच्या नावाने गेलेले आवतन गावांनी कोणताही प्रश्न न करता स्वीकारले आहे. ते परत घ्यायला माझी जीभ रेटत नाही. मात्र सरकारने बंद केले तर कोणाचाच मान जात नाही. लोक सरकारला चार शिव्या देतील आणि जातील. त्या शिव्या कृपया आपण घ्याव्यात. कारण हवे ते लिहावे. ध्वनिप्रदूषण लिहा, अर्जदाराचे वर्तन संशयास्पद लिहा. मला अटक करावी लागली तर मी तयार आहे, बेडी सर्वांना दिसेल अशी घालावी.

हे लिहीत असताना पहिला टेम्पो आलेला आहे. दुपारीच. वडिवळ्याच्या झुंबरबाई, वय झालेल्या, नातवंडांसह मंचासमोर सतरंजीवर बसल्या आहेत. मी पाणी द्यायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "सकाळपासनं घरात इस्तू पेटवला न्हाई, भाऊ. तुज्याच हितं जेवायचं." त्यांनी धरलेला हात मी सोडवून घेतला आणि पुन्हा लिहायला बसलो. घाईमुळे अक्षर वाकडे आल्यास क्षमा असावी.

मानसीताईंना मी आताच सर्व सांगितले. त्यांनी बोळाकडे पाहिले. भात शिजवायला माणसे शोधायला गेल्या आहेत. भात होईलही. पण बोळ रुंद होणार नाही. तरी आपली गाडी, शिट्ट्या, दोर आणि हुकूम, यांतले जे लवकर निघेल ते आधी पाठवावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या गाडीचा आवाज येतो का म्हणून कान लावून बसलेला,
सीताराम रखमाजी ओव्हाळ
(भ्यालेला अर्जदार)

सोबत:
१. मूळ परवानगीची प्रत, रद्द करण्यासाठी.
२. मैदान व बोळ यांचा हाताने काढलेला नकाशा.
३. अर्ज घेऊन आलेली माझी नात अपेक्षा, इयत्ता पाचवी, सोबत तिची आई चैताली. अपेक्षा समूहगानात पहिल्या ओळीत, तळ्याच्या बाजूला उभी राहणार आहे. पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही, असे मी तिला बजावले आहे. तरी पोच देण्यास आपणास जितका उशीर करता येईल तितका करावा. इतरांची मुले मला अर्जाला जोडता आली नाहीत.