साडेचारशे वॅटचा हट्ट

सोमवार, ४ नोव्हेंबर
झाली एकदाची खरेदी! एकोणीस वर्षं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या नावाची ड्रॉइंग काढली. आता माझा कॉम्प्युटर, माझं काम – शाळेचं नवं वाचनालय. शुक्रवारी अकराला मुख्याध्यापिकाबाईंना इमारत आतून-बाहेरून फिरवून दाखवायची, व्हिडिओवर. आवडली तर काम माझं. नाही तर परत ऑफिसच्या पायऱ्या!

घोडं अडलं पॉवर सप्लायवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. मी कागदावर बेरीज केली – ग्राफिक्स कार्ड २२०, प्रोसेसर १२५, बाकी किरकोळ ६०. चारशे पाच. साडेचारशे वॅटचा बास की!

आमचे हे पडले लिफ्ट दुरुस्त करणारे. दुकानात काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "लिफ्टमध्ये आठ माणसं लिहितात, पण दोर ऐंशी पेलेल असा टाकतात. चारशे पाच गुणिले दहा."

चार हजार पन्नास! म्हटलं, "अहो, चित्रं काढायचीत, चार इस्त्र्या नाही चालवायच्या!"

दुकानदाराला हसू आवरेना. "ताई, दहापट राहू द्या, पण साडेसातशेचा घ्या. कार्ड मधूनच क्षणभर दुपटीनं वीज खेचतं." दुकानदारच तो, मोठंच गळ्यात मारणार. मी ऐकते होय? साडेचारशेचाच घेतला. मी रिक्षात बसले तरी हे मागेच रेंगाळले – म्हणे स्क्रू घ्यायचेत.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
पहिल्याच फटक्यात सुरू! यांनी जोडणी केली आणि नुसतं "हं" म्हणाले.

बुधवार, ६ नोव्हेंबर
भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, मुलांचा हात पुरेल अशी कपाटं झाली. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाजसुद्धा नाही. "बघा माझा साडेचारशेचा!" – यांना दोनदा ऐकवलं. जेवताना तिसऱ्यांदा. यांनी मान डोलावली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
दुपारी व्हिडिओ तयार करायला लावला आणि – कॉम्प्युटर ठप्प! परत लावला. ठप्प! तिसऱ्यांदाही तेच. दुकानदाराला फोन केला. "कार्ड आणि प्रोसेसर एकदम धावले की असंच होणार, ताई. आज दुकान बंद. उद्या बाराला या."

बाराला! अकराला दाखवायचंय! मला रडूच कोसळलं. हे कामावरून आले तेव्हा मी जमिनीवर बसलेली. म्हटलं, "पण बेरीज बरोबर होती हो."

"बरोबरच आहे गं. पण लिफ्टमध्ये आठ जण शांत उभे राहतात का कधी? एखादा उडी मारतोच." मग चपला घातल्या. "थांब, एका ओळखीच्याकडे बघतो."

दहा मिनिटांत साडेसातशेचं खोकं घेऊन हजर! आठच्या आत व्हिडिओ तयार. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी मुकाट्यानं यांना चहा केला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
काम माझं! माझं! बाई म्हणाल्या, "खिडकीतलं बाक तेवढं लांब करा, नाही तर मुलं जागेवरून भांडतील."

रविवार, १० नोव्हेंबर
आवराआवर करताना साडेसातशेच्या खोक्यात पावती सापडली. तारीख ४ नोव्हेंबर. वेळ – माझ्या पावतीनंतर बरोबर सहा मिनिटं. खाली एकच वस्तू. स्क्रूंचं नावही नाही.