डांगराची महागाई आणि भरपूर बाजारचे तीन हजार शेअर

मी, श्रीमती स्टेला जेम्स भिंगारदिवे, वय वर्षे ७६, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या सगळ्या जुन्या कागदांवर अहमदनगर आहे, तोच जिल्हा समजावा), आज राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि पुढे ऋण संख्यांत जाऊ का असे विचारले, तेव्हा त्यांनी घाईघाईने सही केली.

मृत्युपत्र गंभीर चेहऱ्याने लिहायचे असते हे मला ठाऊक आहे. पण सोमवारपासून मला राहून राहून हसू येत आहे. त्याचे कारण कलम ४ मध्ये येईल. अक्षर कुठे हललेले दिसले तर ते हसण्यामुळे हलले आहे, हात माझे अजून स्थिर आहेत.

कलम १. भिंगारमधले माझे राहते घर, दोन खोल्या, पडवी आणि मागचे परसदार, माझी मुलगी प्रार्थना हिला द्यावे. मुलगा सॅम याची हरकत नाही. तसे त्याने पुण्याहून फोनवर सांगितले आणि मी ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. परसातला डांगराचा वेल हा घराचाच भाग समजावा. डांगर म्हणजे पुण्याकडचा लाल भोपळा. सूनबाई निकिता त्याचे सूप करते, म्हणून हा खुलासा.

कलम २. फळ्यावर वापरायचे लाकडी कंपास आणि कोनमापक माझ्या शाळेला परत द्यावेत. निवृत्तीच्या दिवशी मी ते पिशवीत घालून घरी आणले. अठरा वर्षे सगळ्यांनी त्याबद्दल कारभारी शिपायावर संशय घेतला आणि मी गप्प बसले. कारभारीची मी या कलमाने जाहीर माफी मागते. माझा पाच लिटरचा कुकर त्याला द्यावा. शिट्टी नवीन आहे.

कलम ३. आता शेअर. २०१२ साली भरपूर बाजार लिमिटेड या कंपनीने पहिल्यांदा आपले शेअर विकायला काढले. पुणतांब्याच्या एका किराणा दुकानातून निघालेली ही कंपनी. तेव्हा तिची जिल्ह्यात अकरा दुकाने होती. माझे यजमान कै. जेम्स, मिलिटरी स्टोअरमधले निवृत्त सिव्हिलियन क्लार्क, यांनी फंडातले एक लाख ऐंशी हजार घालून साठ रुपयांनी तीन हजार शेअर घेतले. मला विचारले नाही. का घेतले म्हटल्यावर म्हणाले, त्यांच्या दुकानात वजनकाट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे असते. या उत्तरावर मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. २०१५ च्या पावसाळ्यात जेम्स गेले आणि शेअर माझ्या नावावर झाले.

प्रश्न साधा होता, ठेवायचे की विकायचे. शेअर स्वस्त की महाग हे बघायला लोक त्याच्या भावाला गेल्या एका वर्षाच्या शेअरमागच्या नफ्याने भागतात. आमचे छगन रासकरही तसेच करतात. छगन म्हणजे बाजारात भाजी-किराण्याचे दुकान चालवणारे आमचे शेजारी, जेम्सचे जिवलग मित्र आणि चाळीस वर्षे माझ्याशी वाद घालणारे गृहस्थ. पण दुकानदारीत एका वर्षाने काय कळणार? टाळेबंदीच्या वर्षी भरपूर बाजारला शेअरमागे कसाबसा एक रुपया सुटला. भाव होता तीनशे. छगनने भागाकार केला, उत्तर तीनशे आले, आणि घाबरून त्याने आपले होते नव्हते ते सगळे शेअर फुंकून टाकले. एखादे पोर आजारपणात एक वर्ष नापास झाले म्हणून आम्ही शाळेतून त्याचे नाव काढून टाकत नव्हतो, मागची प्रगतिपुस्तके बघत होतो.

म्हणून मी एका वर्षाऐवजी दहा वर्षांचा नफा घेते. त्यातही दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया सारखा नाही. तेव्हा प्रत्येक जुन्या वर्षाचा नफा आधी महागाईच्या प्रमाणात वाढवून आजच्या रुपयांत आणायचा. मग दहांची सरासरी काढायची आणि आजच्या भावाला त्या सरासरीने भागायचे. उत्तर विसाच्या खाली आले तर शेअर स्वस्त, हात लावायचा नाही. पस्तिसाच्या वर गेले तर महाग, विकून मोकळे व्हायचे. ही रीत काही मी शोधलेली नाही, पण भिंगारमध्ये माझ्याइतकी ती कोणी पाळलेली नाही.

कलम ४. रीत बरोबर होती. घोटाळा महागाईत झाला.

महागाईचा सरकारी आकडा मला मान्य नव्हता. तेहतीस वर्षे त्याच्यावरून माझा महागाई भत्ता ठरला आणि गॅसच्या टाकीशी त्याचा एकदाही मेळ बसला नाही. मला स्वतःच्या डोळ्यांदेखत ठरलेला भाव हवा होता, आणि तो माझ्या वहीत होता. आमच्या चर्चच्या मंडळीत दर नोव्हेंबरात कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकते ते तो चर्चमध्ये आणून ठेवतो, ज्वारी, कोंबडी, अंडी, पेरू, काय असेल ते. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. त्या लिलावाची वही एकतीस वर्षे माझ्याकडे आहे. कोंबडी एखाद्या वर्षी येत नाही, पेरू एखाद्या वर्षी किडके निघतात. एकही वर्ष खंड न पडता आलेली वस्तू एकच, माझ्या परसातले डांगर. २०१५ साली ते अडीचशेला गेले, गेल्या वर्षी अडीच हजारांना. म्हणजे महागाई दहापट, असे मी लिहिले आणि सगळ्या नफ्याला तेच माप लावले.

वाचणारा म्हणेल, बाई, लिलावात लोक श्रद्धेने जास्त देतात, एवढे कळले नाही? कळत होते. पण डांगर दरवर्षी छगन घेत असे. छगन आमच्या मंडळीतला नाही, पण सणाला पहिल्या रांगेत हजर. भाजीचा दुकानदार बाजारभावापेक्षा एक पैसा जास्त मोजणार नाही, असे मी धरून चालले. शिवाय तो स्वतःच्याच बोलीवर बोली चढवी. पाचशे म्हणे, कोणी काही बोलत नसे, मग आपणच सातशे म्हणे. सारी मंडळी खो खो हसे. मी मान खाली घालून सातशे लिहीत असे आणि मनात म्हणत असे, बाजार तेजीत दिसतो. डांगर माझ्या वेलाचे होते आणि त्याचा भाव चढलेला मला आवडत होता, हेही नाकारत नाही.

याची किंमत प्रार्थनेने मोजली. ती पडवीत दोन मशिनींवर शाळेचे गणवेश शिवते. २०२१ साली छगनने दुकान बंद करायचे ठरवले, कारण त्याचा मुलगा सुनील चाकणला नोकरीला लागला होता. प्रार्थनेला ती जागा हवी होती. तिने मला शेअर विकायची गळ घातली. तेव्हा भाव होता चारशे वीस. मी वही उघडली, उत्तर आले तेरा. तेराला कोणी विकते का, असे मी तिला ऐकवले, वर भावनेच्या भरात गणित होत नसते असेही ऐकवले. चार पावसाळे तिने कापडावर प्लास्टिक टाकून त्या गळक्या पडवीत काढले. छगननेही दुकान कोणाला दिले नाही, रडतखडत चालू ठेवले.

या ऑक्टोबरात खुद्द भरपूर बाजारनेच छगनची जागा वीस लाखांना मागितली, छोटी शाखा काढायला. छगनने त्यांना नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबवले आणि प्रार्थनेला सतरा लाख सांगितले. मी पुन्हा वही उघडली. भाव सातशे चौऱ्याऐंशी, दहा वर्षांची सरासरी एकोणपन्नास, उत्तर बरोब्बर सोळा. विकायचे नाही. या वेळी मात्र प्रार्थनेने वही माझ्या हातातून काढून घेतली आणि खाली बसून एकेक पान उलटले.

"आई, डांगराला अडीच हजार कुठल्या बाजारात देतात?"

छगन देतो, मी म्हणाले. मग तिने मोबाईलवर सरकारी आकडे काढले आणि आम्ही दोघींनी दहाही वर्षे नव्याने मांडली. सरासरी एकोणपन्नासवरून सोळा रुपये चाळीस पैशांवर आली. उत्तर आले जवळपास अठ्ठेचाळीस. म्हणजे इतकी वर्षे जो शेअर मी स्वस्त म्हणून उराशी धरून बसले तो चांगलाच महाग होता. २०२१ चे तेरासुद्धा खरे एकेचाळीस निघाले.

मी चपला घातल्या आणि तडक छगनच्या दुकानात गेले. एवढे पैसे डांगराला का मोजलेस, असे सरळ विचारले. तो वांगी लावत होता. वर न बघता म्हणाला,

"बाई, तो काय बाजारभाव हुता व्हय? जेम्सभाऊ जायच्या आदी दवाखान्यात म्हनले हुते, स्टेलाचं डांगर स्वस्तात जाऊ द्यायचं न्हाई. तवापासनं दरसाल थोडं थोडं वाडवीत गेलो. तुमी वहीत लिवताना लई खूश दिसायच्या."

मी तिथेच बटाट्याच्या गोणीवर बसले आणि आधी रडले. दहा वर्षांनी जेम्सनी असे अचानक गाठले. मग माझ्या लक्षात आले की भरपूर बाजारच्या दहा वर्षांच्या नफ्याला मी जी महागाई लावत होते ती महागाई समोर उभी राहून वांगी लावते आहे, आणि मला जे हसू फुटले ते अजून थांबलेले नाही. छगनने पाणी दिले, चहा मागवला, आणि बाईंना काही झाले का म्हणून शेजारचे दोघे आत डोकावून गेले.

आता छगन म्हणतो, चारशे वीसचे सातशे चौऱ्याऐंशी झाले, मग चूक झाली कुठे? मी तेहतीस वर्षे पेपर तपासले आहेत. मांडणी चुकून उत्तर बरोबर आले तर मी गुण दिलेले नाहीत, ते मला स्वतःलाही देता येत नाहीत. आणि त्या जास्तीच्या पैशांत प्रार्थनेचे चार पावसाळे कुठेही धरलेले नाहीत.

कलम ५. या मृत्युपत्राच्या आधीच्या मसुद्यात 'तीन हजार शेअर माझ्या मृत्यूनंतर प्रार्थनेला द्यावेत' असे कलम होते. ते रद्द केले आहे. माझा मृत्यू नोव्हेंबरअखेरपर्यंत होईल अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही. सबब सोमवारी, १० नोव्हेंबरला, मी अडीच हजार शेअर सातशे चौऱ्याऐंशीने विकले. सरकारचा कर बाजूला काढून ठेवला आणि काल, गुरुवारी, छगनच्या जागेचे खरेदीखत प्रार्थनेच्या नावाने झाले. त्या दुकानावर माझ्या इस्टेटीचा किंवा सॅमचा कसलाही हक्क नाही. मी कचेरीच्या पायरीवर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे. जूनमध्ये गणवेशाची गर्दी असते, तेव्हा काजं-बटणं करायला ये." मी कबूल झाले आहे. तेव्हा जून संपेपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणण्याची वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

कलम ६. उरलेले पाचशे शेअर सॅमला द्यावेत. ते त्याने दोन वर्षांच्या आत विकावेत. ठेवायचेच असतील तर दरवर्षी कलम ३ मधली सगळी आकडेमोड स्वतःच्या हाताने कागदावर करावी. महागाई सरकारी निर्देशांकाचीच घ्यावी. सरकारवरचा माझा राग मी मागे घेतला आहे, गॅसच्या टाकीपुरता ठेवला आहे.

कलम ७. लिलावाची वही मंडळीच्याच मालकीची आहे, ती मंडळीच्या खजिनदार सारा उजागरे यांच्याकडे सोपवावी. माझ्या दफनाला पांढरे कापड प्रार्थनेने शिवलेले असावे. गीते दोनच म्हणावीत आणि उंच पट्टीत घेऊ नयेत, जेम्सच्या वेळी सगळ्यांचे आवाज फाटले होते.

कलम ८. छगन रासकर यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वकिलांनी सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, दिले तरी कायद्यात टिकत नाही. आणि साक्षीदार मला तोच हवा होता. यंदा वेलाला दोन डांगरे धरली आहेत. मोठे २३ तारखेला सणासाठी चर्चमध्ये जाईल. दुसरे आज, मी जिवंत असताना आणि सही होण्यापूर्वी, छगनच्या हातात फुकट दिले आहे. ते बक्षीस समजावे. त्याने ते घेताना पैशासाठी खिशात हात घातला होता, तो मी काढायला लावला. या वर्षापासून त्याने माझ्या डांगरावर बोली लावू नये, जेम्सचा शब्द पुरेपूर पाळला गेला आहे, अशी मी त्याला विनंती करते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि बेरजा तपासल्या. तो माझ्या मनाप्रमाणे आहे म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण: भिंगार, प्रार्थनेच्या दुकानात, कपाटे अजून यायची आहेत
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) स्टेला जेम्स भिंगारदिवे

साक्षीदार १: (सही) सारा उजागरे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्या हसत होत्या, पण शुद्धीत होत्या.

साक्षीदार २: (सही) छगन रासकर. बाईनी माज्यासमोर सही केली. एक डांगर मिळालं. कलम आठ वाचलं. चर्चमदल्या डांगराची बोली औंदाबी मीच लावनार, तीन हजारापासनं.