दोन बादल्या

रोल्ला, शारजा
६ ऑक्टोबर १९९९

प्रिय नूरजहाँ,

तुझं पत्र आल्यापासून घरात नुसत्या येरझारा घालतेय. फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला. तुझं अजमान काही लांब नाही, तरी लिहायलाच बसले. तुझे जमालभाई सांभाळतात त्या नव्या बिल्डिंगमध्ये आपला जुना वॉचमन हमदुल्ला काम मागायला आलाय आणि तू विचारतेस, ज्याने आमचं पाणी तोडलं त्याला ठेवायचं का? शुक्रवारच्या आत कळव म्हणालीस.

पर्णिकाचा इतिहासाचा प्रोजेक्ट चालू आहे. प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीच्या देवळाभोवतीच्या शेजारी जमातींची एक सभा होती. देऊळ सगळ्यांनी मिळून सांभाळायचं, लहान-मोठ्या प्रत्येकाला दोनच मतं. त्यांची शपथ होती : लढाई असो की शांतता, आपल्यातल्या कुणाचं वाहतं पाणी तोडायचं नाही. पर्णिका म्हणाली, "मम्मा, दे हॅड टू स्वेअर दॅट? इट्स जस्ट वॉटर!" मी उठून किचनमध्ये गेले. भांडी घासलेली होती, तरी पुन्हा घासली.

तुला आपल्या जुन्या बिल्डिंगमधली मजल्याची सभा आठवते? चार घरं, गच्चीवर एक टाकी. अर्चनाकडे सहा माणसं, तरी तिलाही दोनच मतं. कितीही भांडलो तरी टाकीवरच्या कुणाच्या पाण्याच्या कॉकला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं आणि वहीत मीच लिहिलं. अर्चना हसली होती, "सुलभा, तू तर अगदी युनोच झालीस!"

मग त्या वर्षीचे गणपती. माझ्याकडे आरतीला चाळीस माणसं, तुझ्याकडे खेडहून आलेले पाहुणे. दुपारीच टाकी तळाला गेली. संध्याकाळी तू रिकामी कळशी घेऊन दारात आलीस. सासूबाईंना नमाजाआधी वजू करायलाही पाणी नाही म्हणालीस. मी तुला दोन बादल्या भरून दिल्या. "तू होतीस म्हणून गं," म्हणालीस. अजून दर ईदला सगळ्यांसमोर ते सांगतेस आणि मी शीरखुर्म्याची वाटी हातात धरून बसून राहते.

फक्त तुमचेच नळ कोरडे आणि गच्चीची किल्ली हमदुल्लाकडे असायची, म्हणून सगळ्यांनी त्यालाच धरलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली, "खलास, साब," म्हणाला आणि नोकरी सोडून गेला. तीन वर्षं कुणाकुणाच्या गाड्या धुतोय, असं ऐकलं.

त्याला ठेव, नूर. चादरी वाळत घालायच्या म्हणून सकाळी किल्ली मीच नेली होती. दुपारी टाकी तळाला गेल्यावर माझ्या पाहुण्यांना पुरावं, तासाभरात उघडू म्हणून तुमचा कॉक मी बंद केला आणि पाहुण्यांच्या गडबडीत विसरले. आठवलं ते तू दारात आल्यावर. तुला बादल्या देऊन वर धावले, कॉक उघडला, पण तोंड उघडलं नाही. जमालभाईंना हे वाचून दाखव. हमदुल्लाला मी स्वतः येऊन सांगेन, शुक्रवारी नमाजानंतर. तू दार उघडलंस तर तुलाही. त्या दोन बादल्या तुझ्याच वाट्याच्या होत्या.

तुझीच,
सुलभा