रुद्राणीच्या स्कूटरचा सेन्सर

६ एप्रिल, सकाळ
आजपासून राग बंद. इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं ते बरंच झालं. सरांशी भांडण तत्त्वाचं होतं.

दुपार
शिवयोगी अण्णांशी भांडलो. गॅरेज त्यांचं आहे, म्हणून शेवटी मीच माघार घेतली.

७ एप्रिल
रुद्राणी आली. वळसंगच्या दवाखान्यात नर्स आहे, रोज स्कूटरवर जाते. म्हणाली, पिकअप कमी वाटतोय, बघा की. असं 'बघा की' कोणी उगाच म्हणत नाही.
अण्णा म्हणाले, फिल्टर साफ कर आन् देऊन टाक. अण्णांचं डोकं अजून जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर चालतं.

८ एप्रिल
माझी थिअरी: थ्रॉटलच्या, म्हणजे मुठीने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, दांड्यावर पोझिशन सेन्सर असतो. मूठ सोडलेली असली की अर्धा व्होल्ट, पूर्ण पिळली की साडेचारच्या आसपास. तो आकडा वाचून ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. ईसीयूला डोळे नाहीत, सेन्सर सांगेल ते खरं. मग सेन्सरच जरा फिरवून बसवला तर? मूठ थोडी पिळली तरी त्याला वाटेल बरीच पिळली. पेट्रोल जास्त, पिकअप जास्त, रुद्राणी खूश. कंपनीवाल्यांना हे कसं सुचलं नाही.

९ एप्रिल
केलं. आधी सगळं धुऊन चकाचक. सेन्सरवर कंपनीची रंगाची रेघ होती, तीही घासून काढली. तिची गाडी घाण दिसायला नको. मग स्क्रू सैल करून फिरवला. व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावला नाही, माझ्या कानाला कळतं.
गाडी नेताना ती हसली.

१० एप्रिल
तिचा फोन नाही. म्हणजे गाडी झकास.

११ एप्रिल
गाडी टेम्पोतून आली. गचके, काळा धूर, कुंभारी गावाच्या पुढे बंद. प्लग काळाठिक्कर. ती म्हणाली, मेस्त्री, डोससाठी बाया लेकरं घेऊन उन्हात बसल्या होत्या. लई चिडली. माणूस आपल्या माणसावरच चिडतं.
अण्णांनी विचारलं, रेघ कुटं हाय? आता सेन्सर मूळ जागी कसा बसवणार? म्हणालो, अंदाजाने. अण्णा म्हणाले, अंदाजानंच कालेज सोडलंस व्हय?

१२ एप्रिल
आज मीटर लावला. अर्धा व्होल्ट बरोबर आला, पण स्क्रू आवळताना सेन्सर हलला. परत लावला, परत हलला. मग जरा जोर दिला. सेन्सरचा स्क्रू बसतो तो कान तुटला. हल्ली प्लॅस्टिक फार हलकं वापरतात.

१३ एप्रिल
अण्णांनी गाडी कंपनीच्या सर्व्हिसला पाठवली. सध्या रुद्राणी दवाखान्यातल्या श्रीशैलच्या गाडीवर मागे बसून जाते. तो औषधं वाटतो. तात्पुरती सोय आहे. गाडी आली की तिला मनातलं सगळं सांगणार. वाक्यं तयार आहेत.

२१ एप्रिल
गाडी दुरुस्त होऊन तिच्या घरी गेली. आजही ती श्रीशैलच्याच मागे दिसली. पेट्रोल वाचवत असेल.

२ मे
रुद्राणीचा फोन आला. पहिल्यांदाच. आवाज नको म्हणून चालू इंजिन बंद करून बाहेर उन्हात गेलो. म्हणाली, मेस्त्री, स्कूटरला गिऱ्हाईक बघा की. विचारलं, का विकता? म्हणाली, लग्न ठरलं, एकाच दवाखान्यात जायला दोन गाड्या कशाला.
व्हय म्हणालो. बघतो म्हणालो.