डोक्याच्या नकाशात सापडलेला पंप

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच वाकतो). तब्येत कशी आहे? फोनवर विचारलं तर तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतोस, म्हणून पत्र. वहिनी सांगते, कान दाखवायचं नाव काढलं की तू म्हणतोस, "माझ्या कानांना काय धाड भरलीय? हल्ली लोकच पुटपुटतात." असो. तो विषय मी काढत नाही.

मी मजेत आहे. मेंदूचा नकाशा करणाऱ्या संस्थेतल्या सगळ्या पंपांची दुरुस्ती आता माझ्याकडे आहे. (सातवीला दोनदा बसलेला माणूस तिथे पुढच्या दाराने जातो, हे चार लोकांना सांगायला हरकत नाही.) नकाशा म्हणजे काय, तर डोक्यात कुठली वस्ती कुठे आणि कुठल्या गल्लीत कोणतं रसायन खेळतं, हे कवटीला हात न लावता बघायचं. त्यासाठी त्यांना माझ्या वयाची धडधाकट डोकी हवी होती. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही झोपता का यंत्रात?" झोपलो. बोगद्यासारखं यंत्र, कानात बोळे, आणि हुकूम असा की अर्धा तास हलायचं नाही आणि कशाचाही विचार करायचा नाही. (धंदेवाल्या माणसाला पहिलं जमतं.)

आठवड्याने बोलावणं आलं. खोलीभर तरुण संशोधक, पडद्यावर माझं डोकं आणि कानाच्या अंगाला एक लालभडक ठिपका. आराम करताना ऐकण्याची जागा अशी पेटलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती म्हणे. एक म्हणे रसायन जास्त, दुसरा म्हणे कमी, तिसऱ्याने तर ठिपक्याला नाव देऊन ते फळ्यावर लिहूनही टाकलं होतं. दुर्मिळ पक्ष्याचा मान मी दहा मिनिटं चाखला, मग राहवेना. म्हटलं, "बाई, आराम कोण करतंय? तुमचं यंत्र गार ठेवणारा पंप दर चौथ्या ठोक्याला लंगडतोय. अर्धा तास मी तोच ऐकत होतो!" पंप उघडला, तर झडप झिजलेली. बाई एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "काका, आम्ही मेंदूचा म्हणून तुमच्या धंद्याचाच नकाशा काढला!" तिसऱ्याने निमूटपणे फळ्यावरचं नाव पुसलं.

मग चहा घेताना बाईंनी एक सांगितलं. ऐकणं कमी झालं आणि माणसाने तिकडे काणाडोळा केला, की मेंदूतली ती जागा रिकामी राहत नाही. शेजारची कामं हळूहळू तिथे बिऱ्हाड थाटतात. मग उशिरा कानाला ऐकण्याचं यंत्र लावलं तरी सरावायला जड जातं. आपलं सहज लिहिलं. तुझा काही संबंध नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : तुलनेसाठी त्यांना आता माझा सख्खा भाऊ हवा आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुझं नाव लावलंय. यंत्रात झोपवण्याआधी कान तपासतात. तिथला नियमच आहे, त्यापुढे माझं काय चालणार?

आणखी एक : तसा नियम नाही. बाईंना मीच गळ घातली. तुझ्याशी खोटं बोललं की मला जेवण जात नाही, म्हणून कबूल करतो. भाऊ मात्र त्यांना खरंच हवा आहे. आणि मलाही, ज्याच्याशी दोन शब्द बोलायला पोस्टात जावं लागणार नाही, असा.