धर्मशाळेची गाळलेली ओळ

दिग्रस, मंगळवार, ३ डिसेंबर १९६३

मुंबईची माहिती देणारी दोन पुस्तकं आणली. पहिल्यात सगळंच उत्तम. हॉटेलं उत्तम, धर्मशाळा उत्तम. असल्या पुस्तकाचा काय उपयोग? दुसऱ्याचा लेखक कुरकुऱ्या आहे, पण खरं लिहितो. या खानावळीतली डाळ पाणचट, त्या लॉजात ढेकूण. हेच न्यायचं ठरवलं.

लहानपणी बा तांड्याच्या मिठाच्या बैलांमागं चालला. ते मीठ जिथून यायचं, तो समुद्र त्याला आता पाहायचा आहे. संध्याकाळी त्याला कुरकुऱ्याच्या पुस्तकातलं धर्मशाळेचं पान वाचून दाखवलं. नळाला दिवसभर पाणी, तेही गोड. पुढची ओळ होती, 'दारात आधी जात विचारतात, मग नाव.' ती मी गाळली. काहून गाळली? त्याला वाईट वाटेल म्हणून, की मला?

बा वाट पाहत राहिला. तांड्यात वाटेची खबर देताना आधी पाणी सांगतात, मग माणसं.

"पाणी सांगतलं. माणसं कशी हायेत थे नाही लिवलं काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग हे पुस्तक लबाड हाये. दुसरं घे."

पिशवीत ते सगळं उत्तमवालं ठेवलं आहे.